दुबईचं घर पाहून आलो

११ जानेवारी २००९, रविवार

ही वही चंचलताईनं दिली. चंचलताई म्हणजे मामाची एकुलती एक पोरगी. आमगावला दिली आहे, तिथंच शाळेत शिकवते. म्हणाली, "योगराज, बारावीत दोनदा गचकलास, सुरत, रायपूर, विशाखापट्टणम सगळं हिंडून आलास. काय पाह्यलंस ते तरी लिहीत जा. नाही तं तुहं पाहणं अन् बैलाचं पाहणं सारखंच." म्हणून लिहून राहिलो.

मी कामठ्याला मामाकडे राहतो. मामाचं नाव दुर्गाप्रसाद बिसेन. मामाची धानाची जमीन विमानतळात गेली, तिचा पैसा बँकेत आला. आता मामाला काम नाही. सकाळी ओट्यावर खुर्ची टाकतो अन् वर पाहत बसतो. शिकाऊ पायलटांची इवलीशी विमानं आमच्याच धानाच्या बांध्यांतून उठतात. प्रत्येक विमानाला मामा एक शिवी देतो. आज चौदा झाल्या. पंधराव्याच्या वेळी मामीनं चहा आणला म्हणून ते विमान सुटलं.

२ फेब्रुवारी

सायकलची चेन आणायला गोंदियाला गेलो. चेन राहिली. स्टेशनवर बालाघाटच्या गाडीतून एक बाई टोपलीत जिवंत कासव घेऊन उतरली, तिच्या मागं मागं गेलो की ही कासव नेते कुठं. ती मंदिराच्या तळ्याकडे गेली असती तर समजलं असतं, पण ती एका वकिलाच्या घरात शिरली. तिथं उभा होतो तर मागून कोणी हाक मारली. लोकेंद्र! दहावीपर्यंत माझ्या बाकावर होता. आता पांढरे बूट घालतो. दुबईची घरं विकतो म्हणे.

"भाई, पूरी दुनिया में मंदी है. वहाँ के फ्लैट आधे दाम में जा रहे हैं. कोई पार्टी है क्या तेरे पास?"

मी म्हटलं पार्टी नाही, मामा आहे.

"सौदा हुआ तो तेरा दुबई का चक्कर फ्री. पासपोर्ट है ना?"

पासपोर्ट आहे. मागं मस्कतच्या हॉटेलात भांडी घासायला जाणार होतो तेव्हा काढला होता. अख्ख्या कामठ्यात पासपोर्टवाला मी एकटाच असंन.

५ फेब्रुवारी

लोकेंद्र घरी येऊन गेला. चकचकीत पुस्तक आणलं होतं. त्यात इमारत, खाली निळं पाणी, गोऱ्या बाया.

"मामाजी, मंदी में जो लेता है वही कमाता है. साल में दस दिन आप जाकर रहो, छुट्टी मनाओ. बाकी साल किराया आएगा. घर का घर, आमदनी की आमदनी."

मामानं एकच विचारलं, "इमानात बसून जा लागते?"

"और क्या, मामाजी. तीन घंटे."

तेवढ्यात वरून एक विमान गेलं. मामानं आज शिवी दिली नाही. म्हणाला, "आमच्या जमिनीवरून लोक उडून राहिले. आता मी उडतो. उतरीन तं माह्याच घरी उतरीन."

मामी जमुनाबाई चुलीजवळून म्हणाली, "माहे गुडघे परसापर्यंत जाऊ देत नाहीत, अन् दुबईले कोन जाते?"

"तुले कोन नेते? तुह्या गुडघ्यायचं तिकीट नाही काढत मी."

लोकेंद्र हसला. मग मी पण हसलो. मामीला सवय आहे.

१५ फेब्रुवारी

चंचलताई आली अन् घरात भांडण. ती म्हणाली, "बाबा, भाव अर्धा झाला म्हंजे बांधनारा पण अर्धा मेला असंन. घर उभं हाय का नाही ते तरी पाहा. बुडत्या दुकानात उधारी देते का कोनी?"

मामा म्हणाला, "मास्तरीन, तू पोट्ट्यायले बाराखडी शिकव."

तरी तिचं बोलणं मामाच्या मनाला लागलं असावं. लोकेंद्रला त्यानं अर्धे पैसे दिले अन् अर्ध्यांसाठी थांबवलं. "आमचा मानूस पाहून येईन. मंग देतो."

आमच्या पोवार समाजात पोरगी द्यायची असली की घरची माणसं आधी पोराचं घर पाहून येतात. विहीर पाहतात, धानाची कोठी पाहतात, ढोरं पाहतात, शेजाऱ्याला विचारतात. पसंत पडेपर्यंत त्या घरचं पाणी पीत नाहीत. पाणी पिलं म्हणजे पसंत. त्यावर मग कोणी बोलत नाही. चंचलताईच्या वेळी मामा आमगावला चार तास कोरड्या घशानं बसला होता, तेव्हा कुठं गिलास उचलला.

मामानं मला समोर बसवलं. "पोरीसाठी गेलो होतो तसंच समज. जिना पाय, नळ पाय, खिडकी उघडून पाय. शेजारी कोन हाय विचार. पसंत पडलं तं तेथं पानी पे अन् मले फोन कर. तू पानी पेलास की मी पैसे भरतो. नाही पसंत पडलं तं तहानेनं मर, पन पिऊ नोको. समजलं का, बह्याडा?"

समजलं. एवढा भरवसा माझ्यावर आजवर कोणी ठेवला नव्हता. चंचलताई म्हणाली, "बाबा, याले काऊन पाठवता? हा रस्त्यात कुत्रं दिसलं तरी थांबते." मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही.

९ मार्च, दुबई

पोचलो. खोलीत आठ जण आहोत. घर विकणाऱ्या कंपनीच्या माणसानं उद्या नऊला बोलावलं आहे.

१२ मार्च

नऊला जाणं झालं नाही, कारण खाडीवर गेलो. काय सांगू! लाकडाची जहाजं, आपल्या घराएवढी, एकाला एक खेटून उभी. त्यांत फ्रिज, टायर, कांदे, जिवंत बकऱ्या. सगळं आफ्रिकेला जाते. कच्छचा एक खलाशी भेटला. त्यानं जहाजावर चढवलं, डाळ-भात खाऊ घातला, सुकाणू धरू दिलं. बकऱ्यांना समुद्र लागतो का विचारलं, तर म्हणाला पहिले दोन दिवस लागतो. तीन दिवस तिथंच होतो. कंपनीवाल्याचे अकरा फोन येऊन गेले.

१३ मार्च

आज शेवटचा दिवस. चारला कंपनीच्या ऑफिसात गेलो. आत इतकी थंडी की दात वाजले. मधोमध काचेची पेटी अन् पेटीत आमची इमारत! नखाएवढी माणसं, हिरवी झाडं, निळं पाणी. माणसानं काडीनं नववा मजला दाखवला. आत खरोखरचा बल्ब लागला होता, सरसोच्या दाण्याएवढा.

तो म्हणाला, "साइट डेढ़ घंटा दूर है. गाड़ी नीचे है. चलना है तो चलो, पर वहाँ अभी धूल ही धूल है."

सहा वाजता खलाशी मला जहाजाचं इंजिन दाखवणार होता. मी घड्याळ पाहिलं. म्हटलं, राहू द्या.

त्यानं पाण्याची बाटली दिली. उन्हातून आलो होतो. पेलो. अर्धी संपली तेव्हा ध्यानात आलं की मी पाणी पेलो. आता पेलो तर पेलो. घर त्यांचं अन् पाणी पण त्यांचंच. मामाला फोन लावला.

"मामा, पानी पेलो."

तिकडे मामानं मामीला हाक मारली. मग म्हणाला, "पोटभर?"

"पोटभर."

मागून मामीचा आवाज आला, "विचारा ना, चुलीची जागा कोनीकडं हाय."

मी म्हटलं, पूर्वेला.

इंजिन मस्त होतं. जपानी.

२ एप्रिल

मामानं उरलेले पैसे भरले. लोकेंद्र पेढे घेऊन आला होता. मला नवा मोबाइल दिला, कॅमेरावाला.

मामी रोज विचारते. गुडघ्यांना तेल चोळत बसते अन् विचारते. आधी म्हणायची दुबईला कोण जाते. आता म्हणते, "खिडकीतून काय दिसते गा?" समुद्र. "किती दूर?" पाच मिनिटं. "जिना?" लिफ्ट आहे मामी, गुडघ्यांचं काम नाही. तेव्हा तिचं तोंड असं झालं की मी अजून दोन खिडक्या वाढवल्या. शेजारी कोण? गुजराती आहेत, चांगली माणसं, बाई पापड करते.

सांगायला मजा येते. कधी कधी वाटते खरंच गेलो होतो.

१९ ऑक्टोबर, भाऊबीज

वाईट झालं, पण माझी चूक नाही.

चंचलताई ओवाळायला आली होती. मी पाटावर. हातात आरतीचं ताट अन् ती विचारते, "योगराज, नवव्या मजल्यावर तू कसा गेलास?"

म्हटलं, लिफ्टनं.

"कंपनीचा कागद मी वाचला. इमारत पुढच्या वर्षी पुरी होनार म्हंते. मंग लिफ्ट कोनती होती?"

तिनं ताट खाली ठेवलं. "बाबा, हा गेलाच नाही. विचारा त्याले. अजून येळ हाय, पैसे वापस मागा."

मामानं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता सांगून टाकावं. पण मामी पण पाहत होती. मी म्हटलं, "ताई, मालाची लिफ्ट होती. बाहेरून लावते ती."

मामा उठला. पोरीला म्हणाला, "बापाचं सुख तुले पाहावत नाही. तुह्या सासऱ्यानं पढवून पाठवलं ना तुले? इमानात मी बसनार अन् पोट त्याचं दुखून राहिलं."

"बाबा, माह्या सासऱ्याले यातलं काहीच माहीत नाही—"

"निघ. पुन्हा या घरात पाय नोको टाकू. मेलो तरी नोको येऊ."

ती आपल्या लहान लेकीला काखेत घेऊन बसस्टॉपवर गेली. मामी दारापर्यंत गेली, मामानं नुसतं "जमुना" म्हटलं, तर वापस आली. ओवाळणं अर्धंच राहिलं. तिच्या वाटणीचे अनारसे मीच खाल्ले. मालाची लिफ्ट मला कशी सुचली, माझं मलाच नवल वाटते.

२७ जुलै २०१०

बरेच महिने लिहिलं नाही. मधे जगदलपूरला होतो, एका सर्कसवाल्यासोबत. तो वेगळाच किस्सा आहे.

वापस आलो तर मामा वाळला आहे. इमारत पुरी झाल्याचं पत्र नाही, किराया नाही. लोकेंद्रचं दुकान बंद. आता तिथं चपला मिळतात. दुबईचा नंबर लावला की बाई इंग्रजीत काहीतरी बोलते, मग अरबीत बोलते, मग कटते.

गावात मामाला आता कोणी दुर्गाप्रसाद म्हणत नाही. "काय शेख, उंट कसा हाय?" म्हणतात. पानठेल्यावर तर पोट्टे नमाजाला वाकल्यासारखं करतात. मामा तिथून पान आणणं सोडून बसला आहे.

मामीला सांगितलं आहे की रंगाचं काम चालू आहे. ती म्हणाली, "पिवळा नोको म्हना, उन्हात डोळ्यायले खुपते."

१८ नोव्हेंबर, दुबई

मामाला घेऊन आलो. विमानात त्याला खिडकी मिळाली. अख्खी वाट खाली पाहत होता. उतरल्यावर म्हणाला, "चाल पुढं. तुही पाह्यलेली वाट हाय."

कागदावरचा पत्ता टॅक्सीवाल्याला दाखवला. तो म्हणाला तिथं काही नाही. मामा म्हणाला, चल.

पत्र्याचं कुंपण होतं. पत्र्यावर तीच इमारत रंगवलेली, उन्हानं विटून पांढरी पडलेली. दोन पत्र्यांच्या फटीतून आत पाहिलं. खड्डा. मोठा, गावच्या तळ्याएवढा, आपल्या बोडीसारखा. तळाला हिरवं पाणी, त्यात लांब पायांची पाखरं. मी म्हटलं, "मामा, पाहा ना, ही आपल्याकडं पण येतात हिवाळ्यात."

मामा बराच वेळ फटीला डोळा लावून उभा होता. मग वळला.

"योगराज, तू पानी कोठं पेलास?"

"ऑफिसात."

"अन् ऑफिस कोठं हाय?"

"दीड तासावर."

"येथं आला होतास?"

मी नाही म्हटलं. टॅक्सीवाला पण ऐकत होता.

मला वाटलं आता मारते. पण मामा पत्र्याला पाठ लावून खाली बसला अन् हसायला लागला. असा हसला की टॅक्सीवाला गाडीतून पाण्याची बाटली घेऊन आला. मामानं ती घेतली नाही. मग डोळे पुसून म्हणाला, "म्हंजे पोरगी खरं बोलत होती."

"मामा, मालाची लिफ्ट—"

"चूप."

वापस येताना रस्त्यात एक पुरी झालेली इमारत दिसली. मामानं गाडी थांबवली, केसांवरून हात फिरवला अन् तिच्यासमोर उभा राहिला. "काढ फोटू. वरचे मजले दिसले पाह्यजेत."

खोलीवर आल्यावर म्हणाला, "घरी कोनालेच सांगायचं नाही. मामीले पन नाही. माही जबान अन् तुही जबान आता एकच. फिरली तं पाय."

किती मोठं मन आहे मामाचं. एक थापड पण नाही मारली.

३ डिसेंबर

मामानं गावात पेढे वाटले. फोटो मोठा करून पुढच्या खोलीत लावला. पानठेल्यावरचे पोट्टे पण पाहायला आले. आता "शेख" म्हणतात, पण वेगळ्या आवाजात.

मामी फोटोसमोर खुर्ची घेऊन बसली. बोटानं नऊ मजले मोजले. "हेच का गा?" मी होय म्हटलं. ती म्हणाली, "चंचलले पाह्यले पाह्यजे होतं."

मामा म्हणाला, "दाखवू. तिले बी दाखवू."

मला बरं वाटलं. घर पुन्हा जुळून राहिलं आहे.

१६ जानेवारी २०११

ताईला फोटो कशाला दाखवायचा ते आता समजलं. चंचलताईचे सासरे केवलराम बाबूजी, म्हणजे मामाचे इवाई, रेल्वेतून रिटायर झाले. चाळीस वर्षं गँगमध्ये होते, रुळाला हातोडी मारत आमगाव ते सालेकसा चालायचे. त्यांचा फंड हाती आला आहे. मामा म्हणाला, "आपलं घर इवाईले देऊन टाकू. आपले लागले त्याच्या निम्म्यात. मंदी हाय ना? मंदीत जो घेते तोच कमावते."

मी म्हटलं, पण तिथं तर खड्डा आहे.

मामानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. आजवर कधी ठेवला नव्हता. "खड्डा कोनं पाह्यला? तू अन् मी. अन् तू तं आधी घरच पाह्यलं होतं. तेवढंच सांगायचं. मंग तुले कोठं जायचं तेथं जा, तिकीट माह्याकडून."

नेपाळला जायचं मनात आहे. काठमांडूला रस्त्यावर माकडं फिरतात म्हणे.

२३ जानेवारी, आमगाव

सकाळच्या गाडीनं मामासोबत आलो. मामानं मिठाई घेतली होती, फोटो घेतला होता. दार चंचलताईनं उघडलं. बापाला पाहून उभीच राहिली. सव्वा वर्षानं पाहत होती. मग वाकून पाया पडली ती उठेचना. मामानं डोक्यावर हात ठेवला, म्हणाला, "झालं गेलं जाऊ दे, माय." ती रडत रडत आत गेली अन् सासूला ओरडून सांगितलं, "बाबा आले! बाबा आले!"

तिनं पुऱ्या तळल्या. मामानं जेवण होऊ दिलं अन् मग फोटो काढला.

केवलराम बाबूजी भोळा माणूस. फोटो दोन्ही हातांनी धरला, जसा देवाचा असतो. मामा सांगत होता, "इवाई, माहे गुडघे गेले, जमुनाचे गेले. आपल्या मानसाच्या हाती राह्यलं पाह्यजे म्हून तुमाले इचारतो. बाहेर गिऱ्हाईक लाइन लावून हाय."

ताई पुरीचं ताट घेऊन दारात उभी होती. तिचं रडणं बंद झालं होतं. "मामाजी," ती सासऱ्याला म्हणाली, "नोको. बाबा, तुमी यासाठी आले?"

केवलराम बाबूजी म्हणाले, "सूनबाई, बापाच्या मधात असं बोलनं शोभत नाही. ते काय परके हायेत? अन् हा पोट्टा दोन खेपा पाहून आला ना."

मग ती माझ्याकडं वळली. ताट खाली ठेवलं नाही. "योगराज, माह्याकडं पाहून सांग. हे माह्या सासऱ्याचे चाळीस वर्षं हायेत. तू घर पाह्यलं?"

मी तिच्याकडं पाहिलं. तिच्या कपाळावर तुपाचा एक थेंब उडालेला होता, चमकत होता.

"पाह्यलं, ताई."

मामा म्हणाला, "झालं समाधान?"

ती आत गेली. बाबूजी खुर्ची ओढून माझ्याजवळ आले. हळूच विचारलं, बाकीच्यांनी ऐकू नये असं, "पोरा, एक सांग. मले गाडीच्या आवाजाशिवाय झोप येत नाही. तेथून रेल्वे दिसते का?"

म्हटलं, "दिसते, बाबूजी. एकदम खिडकीखालून जाते."

"पहिली गाडी कितीची?"

"पहाटे पाच दहाची."

बाबूजींनी डोळे मिटले, मान हलवली, अन् मामाला म्हणाले, "इवाई, कागद काढा."